उपयोजित कलनशास्त्राची शाब्दिक उदाहरणे: विकलन जमते, समीकरण मांडता येत नाही

प्रश्न

नमस्कार. मी पदवीच्या पहिल्या वर्षात शिकते आणि या सत्रात आम्हाला उपयोजित कलनशास्त्र, म्हणजे अप्लाइड कॅल्क्युलस, हा विषय आहे. एखादे फंक्शन देऊन त्याचे विकलन (डिफरन्शिएशन, म्हणजे बदलाचा दर काढणे) करा असे सांगितले तर मला फारशी अडचण येत नाही. गुणाकाराचा नियम, भागाकाराचा नियम, साखळी नियम या सर्वांचा सराव झालेला आहे. परंतु तोच विकलज (विकलनातून मिळणारे फंक्शन) एखाद्या टाकीच्या किंवा तारेच्या उदाहरणात विचारला, की कोणती राशी अक्षराने लिहायची, कोणती संख्या केव्हा घालायची आणि शेवटी आलेले उत्तर खरोखर विचारलेल्या प्रश्नाचेच आहे का, यांपैकी कशाचीच खात्री वाटत नाही.

गृहपाठातील एक उदाहरण आणि त्याची मी केलेली मांडणी खाली देत आहे, म्हणजे नेमके कोठे बिनसले ते सांगणे आपल्याला सोपे जाईल.

उदाहरण असे आहे: एक टाकी उलट्या शंकूच्या आकाराची आहे, म्हणजे तिचे टोक खाली आणि तोंड वर आहे. टाकीची खोली ६ मीटर आणि तोंडाची त्रिज्या ३ मीटर आहे. टाकीत दर मिनिटाला २ घनमीटर या स्थिर दराने पाणी पडत आहे. पाण्याची खोली ४ मीटर असेल त्या क्षणी पाण्याची पातळी कोणत्या दराने वाढत असेल?

पाण्याच्या घनफळासाठी मी घ, पाण्याच्या पृष्ठभागाच्या त्रिज्येसाठी त्र आणि खोलीसाठी उ ही अक्षरे घेतली. अक्षरापुढील ′ या खुणेचा अर्थ त्या राशीचा काळानुसार बदलण्याचा दर. शंकूचे सूत्र घ = पाय × त्र² × उ ÷ ३ (पाय म्हणजे π, सुमारे ३.१४). खोली ४ मीटर असताना समरूप त्रिकोणांवरून पृष्ठभागाची त्रिज्या २ मीटर येते, म्हणून त्र = २ घालून मी घ = ४ × पाय × उ ÷ ३ असे लिहिले. विकलन केल्यावर घ′ = ४ × पाय × उ′ ÷ ३ मिळाले. घ′ = २ हे दिलेले आहेच, त्यामुळे उ′ = ३ ÷ (२ × पाय), म्हणजे सुमारे ०.४७७ मीटर प्रति मिनिट.

पुस्तकातील उत्तर १ ÷ (२ × पाय), म्हणजे सुमारे ०.१५९ आहे. माझे उत्तर त्याच्या बरोबर तिप्पट येते, आणि आकडेमोड पुन्हापुन्हा तपासूनही मला त्यात चूक सापडत नाही. मला पूर्ण सोडवलेले उदाहरण नको आहे. माझा विचार कोणत्या ओळीत भरकटला आणि पुढच्या उदाहरणात ते मी स्वतः कसे ओळखावे, एवढे कोणी सांगितले तर मी आभारी राहीन.

उत्तर १

आपण आपली मांडणी ओळ न् ओळ लिहिली हे फार चांगले झाले, कारण त्यामुळे दोष कोठे आहे ते लगेच दिसते. आपले विकलन बरोबर आहे, आकडेमोड बरोबर आहे आणि समरूप त्रिकोणांवरून काढलेली त्रिज्याही बरोबर आहे. फक्त ती त्रिज्या एक ओळ आधी समीकरणात शिरली आहे.

अशा उदाहरणांत दिलेली माहिती दोन प्रकारची असते. काही गोष्टी टाकी भरत असताना प्रत्येक क्षणी खऱ्या असतात: टाकीची खोली ६ मीटर, तोंडाची त्रिज्या ३ मीटर, पाणी पडण्याचा दर २ घनमीटर प्रति मिनिट. काही गोष्टी मात्र एकाच क्षणी खऱ्या असतात: पाण्याची खोली ४ मीटर, आणि तिच्यावरून निघणारी पृष्ठभागाची २ मीटर त्रिज्या. विकलन करेपर्यंत समीकरणात पहिल्या प्रकारचीच माहिती असली पाहिजे. दुसऱ्या प्रकारच्या संख्या विकलन झाल्यानंतर घालायच्या.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण कारण कळले की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. बदलाचा दर विचारणे म्हणजे त्या क्षणाच्या किंचित आधी आणि किंचित नंतर काय घडते ते विचारणे. आपण त्र = २ असे आधीच लिहिले, तेव्हा आपण समीकरणाला असे सांगितले की खोली वाढली तरी पृष्ठभागाची त्रिज्या २ मीटरच राहणार आहे. मग घ = ४ × पाय × उ ÷ ३ हे ज्या शंकूचे घनफळ आहे, त्याचे तोंड कायम २ मीटर त्रिज्येचे राहते आणि फक्त उंची वाढत जाते, म्हणजेच त्याच्या भिंती क्षणोक्षणी अधिक उभ्या होत जातात. अशी टाकी उदाहरणात नाही. उदाहरणातील टाकीच्या भिंती जागच्या जागी आहेत आणि पाणी वर चढते तसतसा पृष्ठभाग रुंदावत जातो.

मी स्वतः एक सवय लावून घेतली आहे, ती आपल्याला उपयोगी पडावी. उदाहरण वाचून झाले की एकाऐवजी दोन आकृत्या काढाव्यात, आणि त्याही प्रश्नात विचारलेल्या क्षणाच्या नव्हेत. या टाकीसाठी एक आकृती पाण्याची खोली २ मीटर असतानाची आणि दुसरी ५ मीटर असतानाची काढा. दोन्ही आकृत्यांत जी मापे सारखी दिसतात ती संख्या म्हणून लिहावीत, आणि जी बदललेली दिसतात त्यांना अक्षरे द्यावीत. पहिल्या आकृतीत पृष्ठभागाची त्रिज्या १ मीटर येईल आणि दुसरीत २.५ मीटर. त्यामुळे त्र हे अक्षर म्हणूनच राहिले पाहिजे हे डोळ्यांनाच दिसेल, आणि या दोन जोड्यांवरून त्र व उ यांच्यात कायम टिकणारा संबंध कोणता तेही सुचेल.

तो संबंध वापरून सूत्रातून त्र पूर्णपणे काढून टाका, मग विकलन करा आणि ४ ही संख्या सर्वांत शेवटी घाला. आपण पूर्ण उत्तर नको म्हणालात, म्हणून मी येथेच थांबतो. काय येते ते अवश्य कळवा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. दोन आकृत्या काढल्याबरोबर त्र = उ ÷ २ हा संबंध दिसला. तो सूत्रात घातल्यावर घ = पाय × उ³ ÷ १२ आले, विकलनानंतर घ′ = पाय × उ² × उ′ ÷ ४, आणि उ = ४ घातल्यावर २ = ४ × पाय × उ′, म्हणजे उ′ = १ ÷ (२ × पाय). पुस्तकातील उत्तर मिळाले.

तरीही एक गोष्ट मनात राहिली आहे. माझे आधीचे उत्तर चुकीचे होते हे कळले, पण ते बरोबर तिप्पटच का आले? हा निव्वळ योगायोग आहे का?

याशिवाय त्याच गृहपाठातील आणखी एका उदाहरणात अडकले आहे. २० सेंटीमीटर लांबीची तार एका ठिकाणी कापून एका तुकड्याचा चौरस आणि दुसऱ्याचे वर्तुळ करायचे आहे. दोन्ही आकृत्यांचे एकूण क्षेत्रफळ जास्तीत जास्त होण्यासाठी तार कोठे कापावी? सर्व तार एकाच आकृतीसाठी वापरली तरी चालेल, असे उदाहरणात म्हटले आहे. चौरसाच्या तुकड्याची लांबी क्ष धरून एकूण क्षेत्रफळ क्ष² ÷ १६ + (२० − क्ष)² ÷ (४ × पाय) असे आले. विकलज शून्य केल्यावर क्ष = ८० ÷ (पाय + ४), सुमारे ११.२ सेंटीमीटर, आणि क्षेत्रफळ सुमारे १४ चौरस सेंटीमीटर मिळते. येथे मी कोणतीही संख्या आधी घातलेली नाही, तरीही उत्तर जुळत नाही.

उत्तर २

तिपटीचा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला विशेष आनंद झाला. बरोबर उत्तर मिळाल्यावर बहुतेक जण पान उलटतात, आणि खरे तर समजून घेण्यासारखे पुष्कळसे त्यानंतरच शिल्लक असते.

तो योगायोग नाही. त्र काढून न टाकता मूळ सूत्राचे गुणाकाराच्या नियमाने विकलन करून पाहा: घ′ = (पाय ÷ ३) × (२ × त्र × उ × त्र′ + त्र² × उ′). आता त्र = उ ÷ २ असल्यामुळे त्र′ = उ′ ÷ २. विचारलेल्या क्षणी त्र = २ आणि उ = ४ आहे, तेव्हा कंसातील पहिले पद ८ × उ′ येते आणि दुसरे पद ४ × उ′. एकूण १२ × उ′. तुम्ही त्रिज्या स्थिर धरली तेव्हा पहिले पद आपोआप नाहीसे झाले आणि १२ पैकी ४ एवढाच भाग हिशेबात राहिला. घनफळ वाढण्याचा एक तृतीयांश भागच मोजल्यामुळे तेवढेच पाणी सामावून घेण्यासाठी पातळी तिप्पट वेगाने चढावी लागली.

हे याच खोलीला घडते असेही नाही. शंकूत पाण्याचे घनफळ खोलीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्या तीन घातांपैकी एक घात उंचीकडून येतो आणि उरलेले दोन त्रिज्येच्या वर्गाकडून. त्रिज्या गोठवली की ते दोन हरवतात, म्हणून खोली १ मीटर असो वा ५ मीटर, या चुकीने उत्तर तिप्पटच येणार.

याच उदाहरणाची एक पडताळणी सांगतो, कारण परीक्षेत पुस्तकातील उत्तर समोर नसते. पाण्याची पातळी अगदी थोडीशी वाढली, तर नव्याने आलेले पाणी म्हणजे जुन्या पृष्ठभागावर बसलेली एक पातळ चकती असते. तिचे घनफळ म्हणजे पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले जाडी. म्हणून भांडे कोणत्याही आकाराचे असले तरी पाणी येण्याचा दर = पृष्ठभागाचे क्षेत्रफळ × पातळी वाढण्याचा दर. येथे पृष्ठभागाची त्रिज्या २ मीटर, क्षेत्रफळ ४ × पाय, म्हणजे सुमारे १२.५७ चौरस मीटर. २ ला १२.५७ ने भागले की ०.१५९ येते. विकलन न करता आलेले हे उत्तर तुमच्या उत्तराशी जुळते, आणि ०.४७७ हे उत्तर याच कसोटीवर लगेच नापास झाले असते, कारण त्या वेगाने पातळी चढायला दर मिनिटाला ६ घनमीटर पाणी लागेल.

एककेही प्रत्येक ओळीत लिहीत जा. घनमीटर प्रति मिनिट भागिले चौरस मीटर म्हणजे मीटर प्रति मिनिट. येथे चौरस मीटर प्रति मिनिट असे काही उरले असते, तर मांडणीत एखादी लांबी राहून गेली असे समजावे.

तारेचे उदाहरण मी दुसऱ्या कोणासाठी ठेवतो. फक्त एक विचारतो: क्ष = ० घातले तर क्षेत्रफळ किती येते ते पाहिलेत का?

उत्तर ३

वरील प्रश्नातच तारेच्या उदाहरणाची किल्ली आहे, म्हणून मी तेथूनच पुढे जाते. क्ष = ० म्हणजे सर्व तारेचे वर्तुळ. तेव्हा क्षेत्रफळ ४०० ÷ (४ × पाय), म्हणजे सुमारे ३१.८३ चौरस सेंटीमीटर येते. क्ष = २० म्हणजे सर्व तारेचा चौरस; बाजू ५ सेंटीमीटर आणि क्षेत्रफळ २५. आपल्याला मिळालेले १४ हे या दोहोंपेक्षाही कमी आहे. आपण क्षेत्रफळ जास्तीत जास्त करायला निघालात आणि विकलज शून्य करून नेमका कमीत कमी क्षेत्रफळाचा बिंदू शोधलात.

विकलज शून्य होणे म्हणजे तेथे वक्ररेषेची स्पर्शिका आडवी आहे, एवढेच. तो बिंदू शिखराचा आहे, दरीचा आहे की दोन्हींपैकी एकही नाही, हे त्यावरून ठरत नाही. आपल्या फंक्शनचा दुसरा विकलज, म्हणजे विकलजाचे पुन्हा विकलन केल्यावर मिळणारा, १ ÷ ८ + १ ÷ (२ × पाय) आहे. तो सर्वत्र धन आहे, म्हणजे आलेख सर्वत्र वर उघडणाऱ्या वाटीसारखा आहे. अशा आलेखाचे महत्तम मूल्य मध्ये कोठेही असू शकत नाही. ते दोनपैकी एका टोकालाच असणार. म्हणून उत्तर असे: तार कापूच नये, सर्व तारेचे वर्तुळ करावे.

टोके तपासायची तर आधी टोके कोठे आहेत हे माहीत असावे लागते, आणि माझ्या मते शाब्दिक उदाहरणांत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते येथे. क्षेत्रफळाचे सूत्र लिहिल्याबरोबर त्याच्या शेजारी क्ष ० पासून २० पर्यंतच असू शकतो हेही लिहिले पाहिजे. हा फंक्शनचा प्रांत नुसत्या बीजगणितातून दिसत नाही, कारण सूत्रात क्ष = ५० घातले तरी सूत्र निमूटपणे एक संख्या देईल. तारेची लांबी ऋण असू शकत नाही आणि एक तुकडा मूळ तारेपेक्षा लांब असू शकत नाही, ही माहिती उदाहरणाच्या वाक्यातून आपणच काढायची असते.

आता जेथे मधला बिंदूच खरे उत्तर असतो, असे एक उदाहरण शेजारी ठेवून पाहा, म्हणजे फरक नीट जाणवेल. १ लिटर, म्हणजे १००० घनसेंटीमीटर, मावेल असा वरून व खालून बंद असलेला वृत्तचितीच्या आकाराचा पत्र्याचा डबा कमीत कमी पत्र्यात करायचा आहे. पत्र्याचे क्षेत्रफळ २ × पाय × त्र² + २ × पाय × त्र × उ. यात दोन चल आहेत, पण घनफळ ठरलेले असल्यामुळे उ = १००० ÷ (पाय × त्र²), आणि तो घातल्यावर क्षेत्रफळ २ × पाय × त्र² + २००० ÷ त्र एवढेच उरते. विकलज शून्य केला की त्र³ = ५०० ÷ पाय, त्यावरून त्र सुमारे ५.४२ सेंटीमीटर, उंची सुमारे १०.८४ सेंटीमीटर, आणि पत्रा सुमारे ५५३.६ चौरस सेंटीमीटर. उंची व्यासाएवढी येते. येथे त्रिज्या शून्याच्या जवळ नेली तर २००० ÷ त्र हे पद अमर्याद वाढते, आणि त्रिज्या खूप मोठी केली तर पहिले पद अमर्याद वाढते. दोन्ही टोकांना पत्रा वाढतच जातो, म्हणून मधला एकमेव आडवा बिंदू लघुतम मूल्याचाच असला पाहिजे. तारेच्या उदाहरणात असा युक्तिवाद करता येत नाही आणि येथे करता येतो. हा फरक ओळखता आला की या प्रकारातील बहुतेक उदाहरणे हाती आली असे समजावे.

याच डब्याची त्रिज्या मुद्दाम १० टक्क्यांनी वाढवून पाहा. पत्रा सुमारे ५५८.८ चौरस सेंटीमीटर लागतो, म्हणजे १ टक्क्याहूनही कमी वाढ. महत्तम किंवा लघुतम मूल्याच्या आसपास फंक्शन इतके मंद बदलते ही गोष्ट खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांच्या लक्षात आली होती. आपल्या विवाहासाठी मद्य विकत घेताना व्यापारी पिंपात एक काठी तिरपी घालून त्याचे घनफळ ठरवतो हे त्यांनी पाहिले, त्या पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला, आणि १६१५ मध्ये पिंपांच्या घनफळांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. कलनशास्त्राच्या जनकांपैकी एक असलेल्या लायब्नित्स यांचा महत्तम आणि लघुतम मूल्ये काढण्याच्या रीतीवरील लेख १६८४ चा, म्हणजे त्यानंतर जवळजवळ ७० वर्षांनी आलेला. विकलज शून्य करण्याची रीत आज आपण पहिल्याच ओळीत वापरतो, पण ती ज्या निरीक्षणावर उभी आहे ते निरीक्षण हेच आहे, आणि ते आकडे घालून स्वतः पाहण्यासारखे आहे.

उत्तर ४

वरील तिन्ही उत्तरे मला पटली, तरी एका बाबतीत थोडे वेगळे मत मांडतो. पूर्ण उत्तर देऊ नये, फक्त दिशा दाखवावी, हे धोरण या प्रश्नकर्तीसाठी योग्य होते, कारण त्यांनी स्वतःची मांडणी दिली होती आणि त्यांचा दोष एकाच ओळीत होता. परंतु ज्याला पहिली ओळच सुचत नाही अशा विद्यार्थ्याला नुसत्या सूचनांचा उपयोग होत नाही. त्याला त्या प्रकारचे एक उदाहरण पहिल्या वाक्यापासून एककासह शेवटच्या उत्तरापर्यंत सोडवून दाखवावे, आणि लगेच त्याच प्रकारचे दुसरे, वेगळ्या आकृतीचे उदाहरण त्याच्यापुढे ठेवावे. पूर्ण उत्तर वाचण्यात काही गैर नाही. ते वाचून वही मिटल्यावर कोऱ्या कागदावर तीच मांडणी पुन्हा करून पाहिली नाही, तर मात्र हाती काही राहत नाही.

सरावाची एक पद्धत मी आग्रहाने सुचवीन. पुस्तकातील दहा शाब्दिक उदाहरणे घ्या आणि त्यांतले एकही सोडवू नका. प्रत्येकासाठी फक्त एवढेच लिहा: कोणती अक्षरे घेतली आणि त्यांची एकके काय, प्रत्येक क्षणी खरा असलेला संबंध कोणता, चलाच्या मर्यादा कोणत्या, आणि शेवटी काय काढायचे आहे. विकलनाला हातच लावायचा नाही. विकलन येते, मांडणी येत नाही, अशी ज्यांची तक्रार असते ते सरावाचा बहुतेक वेळ विकलनावरच घालवतात, कारण ते जमत असल्यामुळे त्यात मन रमते. या सरावात ती पळवाट राहत नाही.

संगणकावर विकलन करून देणारे आणि प्रश्न टाकला की उत्तर लिहून देणारे कार्यक्रम आता सर्वांच्या हाताशी आहेत, म्हणून त्यांच्याविषयीही लिहितो. माझा त्यांना विरोध नाही. आपण मांडलेल्या समीकरणाचे विकलन तपासण्यासाठी, आलेख काढून महत्तम मूल्य टोकाला आहे की मध्ये आहे हे पाहण्यासाठी ते अवश्य वापरावेत; तारेच्या उदाहरणाचा आलेख काढला असता तर वाटीचा आकार क्षणात दिसला असता. परंतु टाकीच्या उदाहरणात घ = ४ × पाय × उ ÷ ३ हे समीकरण अशा कार्यक्रमाला दिले असते, तर त्याने त्याचे विकलन अचूक करून ०.४७७ हेच उत्तर दिले असते, कारण ते समीकरण कोणत्या टाकीचे आहे हे त्याला ठाऊक नसते. संपूर्ण उदाहरण देऊन पूर्ण उत्तर मिळवले, तरी ते बरोबर आहे की नाही हे ठरवण्यासाठी पृष्ठभागाच्या क्षेत्रफळासारखी एखादी स्वतंत्र पडताळणी आपल्यालाच करता आली पाहिजे.

मदत मागताना या प्रश्नकर्तीने जे केले तेच करावे असे मी सर्वांना सांगेन. उदाहरणाचे शब्द जसेच्या तसे द्यावेत, कारण ‘स्थिर दराने’ किंवा ‘त्या क्षणी’ यांसारखा एखादा शब्द गळला तरी उदाहरण बदलते. सर्व तार एकाच आकृतीसाठी वापरली तरी चालेल, हे वाक्य वर दिले नसते, तर तारेच्या उत्तरावर आपण येथे विनाकारण वाद घालत बसलो असतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. मांडणीचा सराव सुरू केला आहे. त्यातलेच एक उदाहरण पुढे नेऊन सोडवले आणि त्यात एक नवी शंका आली.

५ मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकलेली आहे. तिचे खालचे टोक भिंतीपासून ०.५ मीटर प्रति सेकंद या स्थिर वेगाने दूर ओढले जात आहे. खालचे टोक भिंतीपासून ३ मीटरवर असताना वरचे टोक किती वेगाने खाली येईल? भिंतीपासूनचे अंतर क्ष आणि वरच्या टोकाची उंची य धरली. प्रत्येक क्षणी खरा असलेला संबंध क्ष² + य² = २५. विकलनानंतर क्ष × क्ष′ + य × य′ = ०, म्हणून य′ = −(क्ष × क्ष′) ÷ य. त्या क्षणी क्ष = ३ आणि य = ४, तेव्हा य′ = −०.३७५ मीटर प्रति सेकंद. क्ष च्या मर्यादा ० ते ५ अशा लिहिल्या, आणि टोके तपासायची सवय लागावी म्हणून क्ष = ५ च्या जवळ काय होते ते पाहिले. तेथे य शून्याकडे जातो आणि वेग अमर्याद वाढतो. हे शक्य नाही. मग माझी मांडणी चुकली का?

उत्तर ५

मांडणी पूर्ण बरोबर आहे आणि ०.३७५ हेही बरोबर आहे. दर काढायच्या उदाहरणात कोणी न सांगता टोक तपासलेत, त्यामुळेच हे दिसले.

आपल्या सूत्रात वरचे टोक जमिनीपासून १ सेंटीमीटरवर असतानाची किंमत घाला. क्ष जवळजवळ ५ आहे, य = ०.०१, आणि वेग सुमारे २५० मीटर प्रति सेकंद येतो. गणित येथे खोटे बोलत नाही. शिडीचे वरचे टोक शेवटपर्यंत भिंतीला चिकटून राहील आणि खालचे टोक शेवटपर्यंत त्याच वेगाने जाईल, या दोन गोष्टी आपण गृहीत धरल्या, आणि त्या दोन्ही खऱ्या असतील तर वरच्या टोकाला एवढाच वेग असावा लागेल, असे ते सांगत आहे. प्रत्यक्षात शिडीचे वरचे टोक खाली आणणारे बल गुरुत्वाकर्षणाचे असते आणि त्याला मर्यादा आहे. भिंत शिडीला बाहेर ढकलू शकते, स्वतःकडे ओढून धरू शकत नाही. त्यामुळे सूत्राला हवा असलेला त्वरण गुरुत्वाकर्षण देऊ शकत नाही अशी वेळ येते तेव्हा वरचे टोक भिंत सोडते आणि क्ष² + य² = २५ हा संबंधच संपतो.

शिडी सर्वत्र सारख्या वजनाची आहे आणि भिंतीशी घर्षण नाही असे मानून हा हिशेब करता येतो. आपल्या आकड्यांसाठी ती वेळ वरचे टोक जमिनीपासून सुमारे ७५ सेंटीमीटरवर आले की येते, आणि तोपर्यंत त्याचा वेग सुमारे ३.३ मीटर प्रति सेकंद झालेला असतो. म्हणजे विचारलेल्या क्षणी, ४ मीटर उंचीवर, आपला संबंध निर्धोकपणे लागू आहे. हा हिशेब आपल्या अभ्यासक्रमात विचारला जाणार नाही, पण मर्यादा लिहिताना आपण क्ष ० ते ५ असे लिहिलेत तेथे ५ हे टोक वगळून लिहावे, कारण य = ० असताना आपल्या सूत्रात शून्याने भागाकार होतो.

उत्तरपत्रिकेत ऋण चिन्हाचा अर्थ शब्दांत लिहा. ‘शिडीचे वरचे टोक ०.३७५ मीटर प्रति सेकंद वेगाने खाली येत आहे’ असे लिहिलेत, तर ‘−०.३७५ वेगाने खाली येत आहे’ असे लिहून दोनदा उणे करण्याची वेळ येणार नाही.